स्टिअरिंग की पाना? स्टॉक कार रेसिंगविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगची, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींची, ओळख करून देणारा लेख होता. त्यावर नागपुरातून बरेच प्रश्न आले. ड्रायव्हर कसे व्हायचे हे विचारणारे ढीगभर, क्रू चीफ (टीमचा तांत्रिक प्रमुख) कसे व्हायचे हे विचारणारे मोजके. आमच्या मते हे प्रमाण उलटे असायला हवे होते. का, ते खालच्या उत्तरांत येईलच.

प्रश्न : क्रू चीफ म्हणजे टीमचा मुख्य मेकॅनिकच ना? मग त्यासाठी इंजिनिअरिंग कशाला लागते?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड

जुन्या पिढीतले क्रू चीफ डेल इनमन यांच्या काळात बरेचसे तसेच होते. ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांच्या सातही अजिंक्यपदांना क्रू चीफ म्हणून तेच होते आणि आठवे इनमन यांनी १९८४ साली टेरी लाबॉन्टीबरोबर मिळवले. गाडी खोलणारे, जोडणारे आणि शर्यतीत निर्णय घेणारे डोके एकच असे. आता हातात पाना असतो तो कार चीफच्या. आकडेमोड करतात रेस इंजिनिअर. क्रू चीफ या दोघांचे ऐकतो, ड्रायव्हरचे ऐकतो आणि निर्णय स्वतःच्या नावावर घेतो. तपासणीत गाडीत काही गडबड सापडली तर दंड आणि बंदीही त्याच्याच नावावर पडते.

नॅसकार ही स्टॉक कार शर्यती भरवणारी अमेरिकेतली संस्था. तिच्या कप या सर्वोच्च मालिकेत फेब्रुवारी ते नोव्हेंबर गुणांच्या ३६ शर्यती असतात. २०२२ पासून आलेल्या नेक्स्ट जेन गाडीचे बहुतेक सुटे भाग ठरावीक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. ते घासून-पुसून ‘सुधारणे’ हा गुन्हा. म्हणजे सगळ्यांकडे जवळपास सारखीच गाडी. फरक पडतो तो स्प्रिंग, शॉक, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), टायरची हवा, वजनाची वाटणी आणि शर्यतीतले डावपेच यांत.

डावपेचाचा एक हिशेब करून पाहा. समजा गाडी दर फेरीला १.६ लिटर इंधन पिते आणि टाकीतले ७० लिटर वापरता येतात. म्हणजे ४३ फेऱ्या झाल्या. शर्यतीच्या उरल्यात ४५. पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागी) आलात तर नंबर जातो, नाही आलात तर दोन फेऱ्या आधी गाडी बंद. पण दर फेरीचा खप १.५५ लिटरवर आणता आला तर बिनथांब्याचे निभते. बचत जेमतेम तीन टक्के. त्यासाठी ड्रायव्हरला वळणाच्या थोडे आधी अॅक्सिलरेटर सोडायला सांगायचे, पुढच्या गाडीच्या आडोशाने चालायला सांगायचे. किती आधी सोडायचा, किती फेऱ्या सोडायचा आणि त्यात वेळ किती जाईल, हे क्रू चीफने रेडिओवर दोन वाक्यांत सांगायचे असते. हे गणित ज्याला आवडते त्याने या वाटेला यावे.

प्रश्न : एकच माणूस ड्रायव्हर आणि क्रू चीफ दोन्ही होऊ शकतो का?
— वाचक, धरमपेठ

गावपातळीवरच्या छोट्या ट्रॅकवर सर्रास होतो. तिथे ड्रायव्हर आठवडाभर स्वतःची गाडी स्वतःच जुळवतो आणि शनिवारी रात्री चालवतो. वरच्या पातळीवर एकाच वेळी दोन्ही जमत नाही, पण एकातून दुसऱ्यात जाणारे आहेत. रे एव्हरनहॅम न्यू जर्सीत मॉडिफाइड प्रकारच्या गाड्या चालवायचे. १९९१ मधल्या अपघातात डोक्याला मार लागला आणि चालवणे सुटले. पुढे जेफ गॉर्डनचे क्रू चीफ म्हणून त्यांनी १९९५, १९९७ आणि १९९८ ची अजिंक्यपदे काढली. वळणात गाडी काय करते हे पाठीला कळलेले असल्यामुळे ड्रायव्हरचे अर्धवट वाक्यही त्यांना पुरत असे.

उलट्या बाजूचे उदाहरण अॅलन कुलविकी यांचे. यांत्रिकी अभियांत्रिकीचे पदवीधर, स्वतःच टीमचे मालक, स्वतःच ड्रायव्हर. १९९२ ची शेवटची शर्यत अटलांटात होती. सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला तेव्हा पाच जादा गुण मिळत. त्यांचे क्रू चीफ पॉल अँड्र्यूज यांनी पिटमध्ये बसून फेऱ्या मोजल्या, आणि ते पाच गुण पक्के होतील इतक्या फेऱ्या आघाडीवर होईपर्यंत कुलविकी यांनी पिटमध्ये येणे लांबवले. त्यांच्या खात्यावर १०३ फेऱ्या, प्रतिस्पर्धी बिल एलियटच्या खात्यावर १०२. शर्यत एलियटने जिंकली, अजिंक्यपद कुलविकी यांनी, अवघ्या दहा गुणांनी. ते पाच गुण एलियटकडे गेले असते तर बरोबरी झाली असती आणि जास्त शर्यती जिंकल्यामुळे अजिंक्यपदही त्याच्याकडे गेले असते.

दोन्ही बाजूंना लागणारी गोष्ट एकच : जाणवलेले नेमके सांगता येणे. ‘गाडी बरोबर नाही’ हे वाक्य क्रू चीफच्या काहीच कामाचे नाही. वळणाचे तीन भाग करा. शिरताना, म्हणजे ब्रेक दाबल्यापासून स्टिअरिंग पूर्ण वळेपर्यंत, मध्यावर, जिथे ना ब्रेक ना अॅक्सिलरेटर, आणि निघताना. प्रत्येक भागात गाडी लूज आहे की टाइट ते सांगा. लूज म्हणजे मागची चाके बाहेर पळतात. टाइट म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक बाहेरच्या भिंतीकडे जाते. मग एक ते दहामध्ये किती, आणि टायर नवे असताना की वीस फेऱ्यांनंतर, तेही सांगा.

कारण इलाज जागेवर ठरतो. फक्त शिरतानाच लूज असेल तर आधी ब्रेकचा समतोल पाहायचा. मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळत असतो. शिरताना ठीक आणि निघताना लूज असेल तर मागच्या डाव्या कोपऱ्यावर वजन कमी आहे किंवा मागचे स्प्रिंग फार कडक आहेत. आणि एक फसवी तक्रार असते : ड्रायव्हर म्हणतो निघताना लूज, पण खरे दुखणे मध्यावर टाइट असल्याचे. नाक वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग जास्त पिळतो, मग अॅक्सिलरेटर देताच पुढच्या चाकांना अचानक पकड मिळते आणि मागचा भाग फेकला जातो. अशा वेळी मागची पकड वाढवत बसलात तर दुखणे वाढते. स्टिअरिंगच्या कोनाचा डेटा पाहिला की हे लगेच उघडे पडते.

प्रश्न : गॅरेजमध्ये ट्रॅकसाठी तयार केलेली एक जुनी हॅचबॅक आहे. डाव्या वळणाला मस्त बसते, उजव्या वळणाला मागून सुटते जी. अलाइनमेंट दोनदा केली, काही फरक नाही. काय पाहू?
— गॅरेजचालक, नंदनवन

याच प्रश्नासाठी हे सदर चालवावे असे वाटते. लक्षणावरून गाडीचे तिरके वजन बिघडलेले दिसते. पुढचे उजवे आणि मागचे डावे या दोन चाकांवरच्या वजनाची बेरीज भागिले एकूण वजन, याला क्रॉस वेट म्हणतात. ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, म्हणून तिथे हे प्रमाण मुद्दाम पन्नास टक्क्यांपेक्षा वेगळे ठेवतात. दोन्हीकडे वळणाऱ्या ट्रॅकवर ते पन्नास हवे. जास्त झाले की डाव्या वळणाला गाडी टाइट होते आणि उजव्याला लूज.

आधी साध्या गोष्टी. चारही टायरचा घेर टेपने मोजा. एकाच साइजचे टायरही घेराला सारखे निघतीलच असे नाही. शॉकला तेल सुटले आहे का, बुश फाटले आहेत का, मागचा अॅक्सल किंवा आर्म वाकला आहे का ते पाहा. यातले काही निघाले तर वजनाच्या काट्याला हात लावू नका, आधी ते दुरुस्त करा.

मग चार चाकांखाली चार काटे. जमीन सपाट ‘दिसणे’ पुरत नाही. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने चारही काट्यांच्या वरच्या पातळ्या जुळवा. कमी असेल तिथे पत्र्याच्या चकत्या घाला. स्प्रिंग कडक असतील तर दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानेही आकडे बदलतात. प्रत्येक टायरखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकावर एक ठेवा, नाहीतर टायर काट्याला चिकटून सस्पेन्शन अडकते आणि वजन खोटे दिसते. टायरची हवा शर्यतीला असते तेवढी, इंधन अर्धी टाकी, ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाची वाळूची पोती. अँटी-रोल बारची (वळणात गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांडीची) एका बाजूची लिंक काढून ठेवा. ती ताणलेली राहिली तर तिचाच पीळ तुम्ही मोजाल. स्टिअरिंग सरळ, हँडब्रेक सोडलेला. पुढून-मागून गाडी दाबून हलवा, स्थिर होऊ द्या, मग वाचा.

समजा आकडे आले : पुढचे डावे ३००, पुढचे उजवे ३१०, मागचे डावे २७०, मागचे उजवे २४० किलो. एकूण ११२०. तिरकी बेरीज ३१० अधिक २७० म्हणजे ५८०, प्रमाण ५१.८ टक्के. हवे ५६०. म्हणजे या तिरक्या जोडीतल्या प्रत्येक कोपऱ्यावरून दहा-दहा किलो कमी करून दुसऱ्या जोडीवर द्यायचे. स्प्रिंगची खालची बैठक फिरवता येणारी असेल तर मागचा डावा आणि पुढचा उजवा किंचित खाली, मागचा उजवा आणि पुढचा डावा तेवढाच वर. सगळी दुरुस्ती एकाच कोपऱ्यावर करू नका; वजन जुळेल पण गाडीची उंची बिघडेल. शेवटी आकडे ३१०, ३००, २६०, २५० यावेत. मग बारची लिंक परत जोडा. बोल्ट हाताने सहज सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागला तर लिंकची लांबी कमी-जास्त करा, नाहीतर केलेले सगळे काम तो बार मोडून ठेवेल.

एक पक्के ध्यानात ठेवा. बैठक फिरवून डावे-उजवे किंवा पुढचे-मागचे प्रमाण बदलत नाही. वरच्या उदाहरणात डाव्या बाजूचे ५७० आधीही होते, नंतरही आहेत. ते बदलायचे तर बॅटरी, टाकी, वजनाचे ठोकळे असे काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवावे लागते.

प्रश्न : मागच्या अॅक्सलला उजवीकडे मोठे टायर लावतात असे वाचले. किती मोठे?
— आयटीआयचा विद्यार्थी

याला स्टॅगर म्हणतात. छोट्या ओव्हलवरच्या, मागची दोन्ही चाके एकत्र जखडलेल्या गाड्यांत त्याला खरे महत्त्व आहे, कारण तिथे बाहेरचे चाक वेगळ्या वेगाने फिरू शकत नाही. वळणाची त्रिज्या ४० मीटर आणि दोन चाकांतले अंतर १.५ मीटर धरा. बाहेरचे चाक ४०.७५ मीटर त्रिज्येवर चालते, आतले ३९.२५ वर. गुणोत्तर १.०३८. आतल्या टायरचा घेर २१० सेंटिमीटर असेल तर बाहेरचा २१८ हवा. प्रत्यक्षात कमी ठेवतात, कारण सरळ रस्त्यावर हाच फरक गाडीला डावीकडे ओढतो. घेर हवा भरल्यावर आणि टायर थोडा चालवून गरम झाल्यावर मोजायचा.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, कार्टिंग करतो आणि नॅसकारचा ड्रायव्हर व्हायचे म्हणतो. कुठून सुरुवात करावी? वेळ पडली तर बेसाचा प्लॉट विकायची तयारी आहे.
— पालक, मानेवाडा

प्लॉट ठेवा. या खेळात बहुतेक तरुण ड्रायव्हरांना गाडीसोबत प्रायोजकही आणावा लागतो. तुमचा प्लॉट एखाद्या हंगामात विरघळून जाईल आणि पुढच्या हंगामाला पुन्हा हात रिकामे.

भारतात ओव्हल ट्रॅक नाही. इथली वाट अशी : एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचे स्पर्धा-लायसन्स, त्यासाठी वैद्यकीय तपासणी, मग कार्टिंगच्या राष्ट्रीय फेऱ्या, मग कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथल्या ट्रॅकवर एलजीबी फॉर्म्युला (उघड्या चाकांची छोटी रेसकार) किंवा टुरिंग कार. स्टॉक कारकडे जायचे तर टुरिंग कार जास्त उपयोगाची : वजनदार, छत असलेली, दारे घासत चालणारी. फॉर्म्युला वनमध्ये चालवून आलेले नारायण कार्तिकेयन २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले, त्या वर्षीचा लोकप्रिय ड्रायव्हरचा मानही त्यांना मिळाला. पण तोवर त्यांच्यामागे युरोपातल्या शर्यतींची बरीच वर्षे होती.

घरबसल्या करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती पोरखेळ नाही : सिम्युलेटर. नॅसकार ड्रायव्हर विल्यम बायरनने सुरुवात आयरेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरवरच केली, मग लेजेंड प्रकारच्या छोट्या गाड्या, मग लेट मॉडेल प्रकारच्या स्टॉक कार. २०२४ आणि २०२५ ची डेटोना ५०० ही कप मालिकेतली सर्वात मानाची शर्यत त्याने जिंकली. स्टिअरिंगवर कमी खर्च करा, ब्रेक पेडलवर जास्त; पेडल किती दाबले गेले यापेक्षा किती जोराने दाबले हे मोजणारे, लोड सेलचे घ्या. आणि ‘सर्वात जलद फेरी’ मोजू नका. सलग तीस फेऱ्या मारायला लावा आणि पहिल्या व शेवटच्या पाच फेऱ्यांच्या सरासरीत किती फरक पडला ते लिहून ठेवा. टायर जपता येतो की नाही, हे त्या फरकात दिसते.

कप मालिकेसाठी वय किमान १८ लागते, तेव्हा घाई नाही. आउटर रिंग रोडवर रात्री गाडी दामटण्याचा मात्र यातल्या कशालाच उपयोग नाही. तिथे शिकलेली सवय ट्रॅकवर मोडावी लागते, तीही तोवर हातपाय शाबूत राहिले तर.

प्रश्न : चार टायर दहा सेकंदांत कसे बदलतात?
— दहावीतले काही मित्र, महाल

पाच माणसे भिंतीवरून उडी मारतात : जॅकवाला, दोन टायर बदलणारे, एक टायर आणून देणारा आणि इंधनवाला. भिंत गाडीच्या डावीकडे असते, म्हणून आधी गाडीला वळसा घालून उजवी बाजू. जॅकच्या एका दणक्यात ती बाजू वर. नेक्स्ट जेन गाडीच्या प्रत्येक चाकाला मध्यावर एकच नट आहे. आधी पाच असत. जॅक खाली, सगळे डावीकडे, पुन्हा तेच. इंधनवाला मागच्या डाव्या कोपऱ्यावर कॅन लावून उभा असतो. डावीकडचा जॅक खाली पडला की ड्रायव्हर निघतो. तोच त्याचा इशारा.

चुका बहुधा नटावर होतात. मशीनचा आवाज आला पण नट पूर्ण बसला नाही, तर ट्रॅकवर चाक निखळते आणि शिक्षा क्रूलाही होते. टायर पिटच्या चौकटीबाहेर घरंगळला तरी दंड. ही माणसे मेकॅनिकच असतात असे नाही; बरीच कॉलेजात अमेरिकन फुटबॉल वगैरे खेळलेली असतात. चढाई करून मध्यरेषेला हात लावून येणारा कबड्डीपटू या कामाला चांगला शोभला असता.

आणखी एक गंमत. या गाडीत स्पीडोमीटर नसतो. पिट रोडवरची वेगमर्यादा इंजिनच्या फेऱ्यांवरून पाळावी लागते. टायरचा घेर २.१ मीटर, गिअरचे एकूण गुणोत्तर ६, मर्यादा ताशी ४५ मैल म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, तर इंजिन मिनिटाला साधारण ३४५० फेऱ्यांवर ठेवायचे. हिशेब करून पाहा.

प्रश्न : नागपूरच्या मे महिन्यात सराव केला तर फायदा होतो का?
— व्यायामशाळा चालक, इतवारी

होतो, पण बेताने. शर्यतीत गाडीच्या आत तापमान ५० अंशांवर जाते आणि अंगात आगरोधक पोशाख असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सकाळी आठला २० मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू तासावर या. भर दुपारी पळवणे नको. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम. पुढच्या काही तासांत दीड लिटर प्या, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस. बोलणे असंबद्ध झाले किंवा चाल लडखडली तर सराव संपला : माणसाला सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : क्रू चीफच्या वाटेला जायचे तर आत्ता काय करावे?
— पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, सदर

कॉलेजच्या टीममध्ये शिरा. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची बाहा एसएईइंडिया स्पर्धा इंदूरजवळच्या पिथमपूरला झाली आहे, त्यांच्याच रेसकारची फॉर्म्युला भारत कोइम्बतूरला. सस्पेन्शन किंवा डेटाचे काम मागून घ्या. पोस्टर आणि प्रायोजक यांत अडकवतील, अडकू नका. पुढे शिकायचे असेल तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट शाखेत मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग शिकवतात, आणि हेंड्रिक, गिब्ज, पेन्स्की या नॅसकार टीमच्या कार्यशाळा त्याच शहराच्या आसपास आहेत. शिक्षणानंतर कामाचा व्हिसा ही खरी अडचण, तिची चौकशी प्रवेशाआधीच करा.

हत्यारांत आधी घ्या ते टायरचे तापमान मोजणारे टोकदार प्रोबचे यंत्र आणि चांगला प्रेशर गेज. इन्फ्रारेड बंदूक नको. ती फक्त पृष्ठभाग वाचते आणि पृष्ठभाग क्षणात थंड होतो. गाडी आत येताच प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी प्रोब रबरात काही मिलिमीटर खुपसा. दर वेळी त्याच चाकापासून, त्याच क्रमाने. मध्य सर्वात गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा बरीच गरम म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर जास्त. आकड्यांशेजारी हवेचे आणि ट्रॅकचे तापमान लिहा. टायरमधले तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआय चढतो. सकाळी भरलेली हवा दुपारच्या उन्हात तीच राहत नाही. आणि एका वेळी एकच बदल करा. दोन केले तर गाडी कशामुळे सुधारली हे वहीलाही सांगता येणार नाही.